हात धरणारा

गुन्ह्याला मदत करणाऱ्यासाठी नेमके क्रियापद कोणते, या प्रश्नाचा विचार जबलपूरपासून सुरू करावा. 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात असलेल्या या शहरात पुढे विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याने वाटसरूंचा गळा आवळून लुटणाऱ्या ठगांविरुद्धच्या मोहिमेचे ठाणे मांडले. माफीच्या साक्षीदारांकडून त्याने ठगांची गुप्त बोली, ‘रामसी’, टिपून घेतली आणि 1836 मध्ये कलकत्त्याहून ‘रामसीआना’ हा तिचा शब्दसंग्रह छापला.

त्या संग्रहात मदतनिसांसाठी वेगवेगळी नावे आहेत. वाटसरूंना गोड बोलून टोळीत ओढणारा तो ‘सोठा’. गळा आवळणारा ‘भुरतोट’. आवळताना माणसाचे हात धरून ठेवणारा ‘शुमसिया’. खड्डा खणणारा ‘लुघा’. जीव एकानेच घेतला, पण त्याच्याशिवाय बाकी सगळ्यांची कामेही ठरलेली होती आणि त्या कामांना नावे होती.

‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग्’ या धातूपासून आला. त्याचा अर्थ झाकणे, लपवणे. मराठीतला ‘ठक’ आणि ‘ठकवणे’ त्याच घरातले. कोर्टातली ‘स्थगिती’सुद्धा त्याच धातूची, पण झाकण्याकडून थांबवण्याकडे सरकलेली.

गुन्ह्याला मदत करण्यासाठी इंग्रजी कायद्यात वापरला जाणारा ‘अबेट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी चावायला लावणे, शिकारीवर कुत्री सोडणे हा अर्थ आहे. चावतो कुत्रा, पण सोडणारा दुसराच असतो. आपल्याकडेही एखाद्याला कुणाच्या ‘अंगावर सोडतात’, तेव्हा हेच चित्र डोळ्यांपुढे असते.

रामसीआना निघाल्यावर वर्षभरातच, 1837 मध्ये, मेकॉलेच्या विधी आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा पुरा केला. 1860 च्या संहितेत कलम 107 ने मदतीचे तीन प्रकार मांडले: चिथावणे, कटात सामील होणे आणि जाणूनबुजून साहाय्य करणे. कर्तव्य असताना बेकायदा गप्प राहणेही या तिसऱ्या प्रकारात येते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच तिन्ही प्रकार कलम 45 मध्ये आहेत.

मराठी कायद्याने या सगळ्यासाठी ‘अपप्रेरणा’ हा शब्द घेतला. जबलपुरात मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आहे; तिथली कायद्याची हिंदी ‘दुष्प्रेरण’ म्हणते. दोन्हींत ‘ईर्’ हा धातू आहे, हलवणे, गती देणे या अर्थाचा. म्हणजे हे शब्द त्या तीन प्रकारांपैकी पहिल्यालाच नीट लागू पडतात. शुमसियाने कुणाला कसली प्रेरणा दिली? त्याने फक्त हात धरले. वर्तमानपत्रांतले ‘प्रवृत्त केले’ हेही तसेच ढकलण्यापुरते आहे.

बोलीतली मराठी यापेक्षा बारकाईने पाहते. गुन्ह्याआधी ‘फूस लावतात’, ‘कान भरतात’, ‘चिथावतात’. गुन्हा चालू असताना ‘साथ देतात’, ‘सामील असतात’, किंवा ‘कानाडोळा करतात’. गुन्हा झाल्यावर ‘पाठीशी घालतात’. या शेवटच्याला जुन्या संहितेतही वेगळे कलम होते, कारण गुन्हेगाराला आसरा देणे हा निराळाच गुन्हा आहे.

‘सामील’ अरबी ‘शामिल’वरून आला: सामावणारा, आत घेणारा. तो तिन्ही प्रकारांना पुरतो, म्हणूनच जपून वापरावा. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढेच जन्मठेपेला पुरेसे ठरवले. विशिष्ट खुनात अमक्याचा हात होता, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ‘सामील’ शब्द एवढा सैल झाला की खड्डा खणणारा आणि नुसता सोबत चाललेला एकाच ओळीत उभे राहतात.

म्हणून माझा आग्रह आहे की बातमी लिहिताना, फिर्याद नोंदवताना, अगदी घरात बोलतानाही ‘मदत केली’वर थांबू नये. फूस लावली, हात धरले, पाहून न पाहिल्यासारखे केले की नंतर पाठीशी घातले, ते स्पष्ट म्हणावे. प्रत्येकाचा दोष वेगळा आहे आणि शिक्षाही वेगळी असायला हवी. मराठीकडे त्यासाठी क्रियापदे तयार आहेत. अचूक क्रियापद निवडणे ही न्यायाची पहिली पायरी आहे.