तोफखान्याचे कान आणि गोल बाजारातला तांब्या

आज लढाईची गोष्ट नाही, आवाजाची आहे.

माझी सगळी नोकरी तोफखान्यात झाली. त्यामुळे दर रविवारी पुण्याहून लॅपटॉपवर बोलणाऱ्या नातीचे शब्द पुसट येऊ लागले, तेव्हा घरच्यांनी निकाल देऊन टाकला: तोफांनी कान खाल्ले. मीही तो मानला आणि तीन-चार रविवार नुसती मान डोलावली. शेवटी पोर म्हणाली, "आजोबा, तुम्ही ऐकतच नाही," आणि उठून गेली. ते लागलं. कान तपासून घेतले, तर वयाच्या मानाने ठीक निघाले. दोष लॅपटॉपचा होता.

मग घाई केली. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये नवे' असं सांगणारा एक फुकट प्रोग्रॅम टाकला. होता नव्हता तो आवाजही गेला. असं का झालं, ते समजायला थोडा इतिहास पाहावा लागतो.

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात एक छोटा स्पीकर होता. तो मुख्यतः 'पीं' करायचा. १९८७ मध्ये कॅनडाच्या क्वेबेकमधून अ‍ॅडलिब नावाचं कार्ड आलं आणि कॉम्प्युटरवर संगीत वाजू लागलं. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साउंड ब्लास्टर आणलं. पण त्या काळी प्रत्येक खेळाला प्रत्येक कार्डाची भाषा वेगळी शिकवावी लागे. कार्ड कुठल्या पत्त्यावर आहे, ते आपणच आकड्यांत सांगायचं. एक आकडा चुकला की शांतता.

१९९० नंतर विंडोजने यात दुभाषा बसवला. प्रोग्रॅमने विंडोजशी बोलायचं, विंडोजने ड्रायव्हरशी आणि ड्रायव्हरने कार्डाशी. ड्रायव्हर म्हणजे हा दुभाषा. चिप एकीची आणि दुभाषा दुसरीचा असेल, तर हुकूम पोचतच नाही. माझ्या लॅपटॉपवर तेच झालं होतं.

पुढे इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ आणि २००४ मध्ये हाय डेफिनिशन ऑडिओ हे मानक ठरवलं. आवाजाचं काम मदरबोर्डवरच्या छोट्या चिपकडे आलं, वेगळ्या कार्डाची गरज बहुतेकांना उरली नाही. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने आवाजाचं बरंचसं काम प्रणालीच्या गाभ्यातून बाहेर काढलं, कारण गाभ्यात एक ड्रायव्हर बिघडला की अख्खं मशीन कोसळे. व्हिस्टाच्या ६४ बिट आवृत्तीत तर सही नसलेल्या ड्रायव्हरला गाभ्यात प्रवेशच बंद झाला. फौजेत पास नसलेल्याला गेटवर अडवतात, तसंच हे.

माझी सुटका त्याआधीच्या एका सोयीने केली. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ऑडिओच्या नोंदीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, मग ड्रायव्हर. बटण दाबलं, मशीन पुन्हा सुरू केलं, जुना दुभाषा हजर.

आवाज आला, पण क्षीणच. त्याचं उत्तर मला रायपूरच्या गोल बाजारात मिळालं. भांडी घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने गाणं लावून मोबाईल पितळी तांब्यात उभा ठेवला होता आणि आवाज समोरच्या दुकानापर्यंत जात होता. म्हणाला, "साहब, मशीन वही है, घर बड़ा दे दिया।" आपल्या आजोबांच्या ग्रामोफोनचा कर्णा याच तत्त्वाच्या जवळचा. त्याला वीज लागत नसे. पेटीतला बारीक कंप तो खोलीभर हवेत पोचवायचा. १९२५ मध्ये राइस आणि केलॉग यांनी विजेवर हलणाऱ्या कागदी शंकूचा स्पीकर मांडला, आणि आजचे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले. पण शंकूला हवा ढकलायला जागा हवी. लॅपटॉप पातळ होत गेला, तशी ती जागा गेली. बोटाएवढ्या स्पीकरला नवा ड्रायव्हर मोठी छाती देऊ शकत नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी हेडफोन लावा. त्यात आवाज खणखणीत आला, तर ड्रायव्हरला बहुधा हात लावायची गरज नाही. स्पीकरच्या जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवा. सेटिंगमध्ये 'लाउडनेस इक्वलायझेशन' दिसलं तर चालू करून पाहा. हळू शब्द वर येतात. तरीही कमी वाटलं, तर बाहेरचा साधा स्पीकर जोडा.

हेडफोनमध्येही आवाज कमी किंवा फाटका असेल, तरच ड्रायव्हरकडे वळा. आधी रिस्टोअर पॉइंट करा, म्हणजे माघारीचा रस्ता राखा. मग लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर आपल्याच मॉडेलचा ड्रायव्हर शोधा, नाहीतर विंडोज अपडेट जे देईल ते घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि लगेच ऐकून पाहा. एका क्लिकवाल्यांच्या नादी लागू नका.

मी साधे स्पीकर घेतले. पुढच्या रविवारी नातीने शाळेतल्या भांडणाची लांबलचक हकीकत सांगितली. मी मध्येच एक प्रश्न विचारला. ती थबकली आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही ऐकत होतात?"

मंडळी, घरातलं कुणी नुसती मान डोलावत असेल, तर कानांना दोष देण्याआधी एकदा त्यांच्या लॅपटॉपला हेडफोन लावून बघा. आणि लॅपटॉप निर्दोष निघाला, तर कान तपासायला टाळाटाळ करू नका.