गज्जरांचे अपुरे राहिलेले काम

रासायनिक अभियंत्यांच्या कार्याविषयी मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने का बोलावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सुरतेच्याच एका सुपुत्राच्या चरित्रात आहे.

त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म सुरतेस १८६३ साली झाला. बडोदा कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवीत. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी बडोद्यास कलाभवन उभे केले. तेथे कापडाच्या रंगाईसारखे उद्योग देशी भाषेतून शिकविले जात. पुढे मुंबईत त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा काढली. आणि १९०७ मध्ये त्यांचे शिष्य कोटीभास्कर व भाईलाल अमीन यांच्यासह 'अलेंबिक' कारखान्याचा पाया घातला. वर्गातून प्रयोगशाळेत आणि तेथून कारखान्यात जाणारी ही वाट त्यांनी पाडली, तेव्हा मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग निघायला अजून बराच अवकाश होता. तो १९३३ मध्ये निघाला.

चापेकर बंधूंनी डांबर फासलेला राणीचा संगमरवरी पुतळा स्वच्छ करणारे गज्जर लोकांच्या स्मरणात आहेत. मला मोठे वाटतात ते शास्त्रीय परिभाषा देशी भाषांत आणण्यासाठी शब्द जुळविणारे गज्जर.

याचे कारण या व्यवसायाच्या स्वरूपातच आहे. काचपात्रातील उष्णता सहज निघून जाते. पात्र मोठे झाले की आतील द्रव्य ज्या प्रमाणात वाढते, त्या प्रमाणात पृष्ठभाग वाढत नाही. उष्णता कोंडते आणि प्रक्रिया हाताबाहेर जाऊ शकते. हे गणित अभियंता जाणतो. झडप फिरविणारा हात मात्र कामगाराचा असतो. सुरतेत तो पुष्कळदा खानदेशातून आलेल्या माणसाचा असतो.

६ जानेवारी २०२२ रोजी सचिन औद्योगिक वसाहतीत टँकरमधील रसायन नाल्यात सोडले जात असता विषारी वायू पसरला आणि सहा कामगारांचे प्राण गेले. तो अपराध होता, केवळ अज्ञान नव्हे. तथापि रसायनाचा धोका वाहणाऱ्याला, हाताळणाऱ्याला आणि शेजाऱ्याला त्याच्या भाषेत ठाऊक असेल, तर असे अपराध लपविणे कठीण होईल.

या शाळेतून जे विद्यार्थी हजिऱ्याच्या खत कारखान्यात अथवा पांडेसऱ्याच्या रंगगृहांत अभियंते म्हणून जातील, त्यांना माझी एकच विनंती आहे. आपली आकडेमोड चोख करा. आणि तिचा अर्थ झडपेशी उभ्या असलेल्या माणसाला मराठीत, गुजरातीत, हिंदीत सांगितल्यावाचून आपले काम पुरे झाले, असे मानू नका. गज्जरांचे हेच काम अपुरे राहिले आहे.