तंत्र मोडले, पण कुठवर?

1931 साली ना. सी. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' प्रसिद्ध झाले आणि कथा-कादंबरी कशी लिहावी याचे शास्त्रच मराठी लेखकांच्या हाती आले. आकर्षक आरंभ, वाढत जाणारी गुंतागुंत, उत्कर्षबिंदू आणि शेवटची कलाटणी हे फडके-तंत्र मासिकांच्या पानांवर चांगलेच रुजले. पुढे त्यावर भरपूर टीका झाली. तरी कथा हे मेहनतीने घडवण्याचे काम आहे, ही जाणीव फडक्यांनी दिली, हे त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. त्यांचे तंत्र मोडणारी पिढी त्याच कथा वाचत वाढली होती.

पहिला मोठा तडा गेला 1942 मध्ये. बा. सी. मर्ढेकरांच्या 'रात्रीचा दिवस' या कादंबरीत घटनांची साखळी बाजूला पडली आणि मनातल्या विचारांचा प्रवाहच कथानक झाला. पाठोपाठ गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर आले. 'सत्यकथा' मासिकाने त्यांना जागा दिली आणि नवकथा उभी राहिली. युद्ध, रेशनिंग, चाळीतली दाटी यांनी पिचलेला माणूस कलाटणीच्या कथेत मावत नव्हता. मोडतोडीची निकड तिथून आली.

माडगूळकरांची 'बनगरवाडी' (1955) जवळून पाहण्यासारखी आहे. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा चालवतो, गावकऱ्यांना हाताशी धरून तालीम बांधतो. मग पाऊस दगा देतो आणि मेंढरे घेऊन वाडी उठून जाते. बस्स, इतकेच. नायक-नायिकेची प्रेमकथा नाही, खलनायक नाही, चढत जाणारी गाठ नाही. फडक्यांच्या हिशेबात ही कादंबरी बसणार नाही. पण माडगूळकरांचे वाक्य पाहावे: आखूड, स्वच्छ, एक शब्द इकडचा तिकडे न करता येणारे. त्यांनी कथानकाचा नियम सोडला आणि गद्याची शिस्त आणखी कडक केली. दोन्ही एकदम सोडले असते तर हाती फक्त आठवणींचा ढीग उरला असता.

उद्धव शेळक्यांनी 'धग'मध्ये (1960) वेगळी वाट धरली. कौतिक आणि तिच्या घरची माणसे अस्सल वऱ्हाडी बोलतात, पण निवेदन प्रमाण मराठीत चालते. त्यामुळे वऱ्हाडाबाहेरचा वाचकही त्या घरात शिरू शकतो.

खुद्द शुद्धलेखनाच्या नियमांनीही अशा लेखकांसाठी दार उघडे ठेवले आहे. मराठी साहित्य महामंडळाचे 14 नियम 1962 साली आले आणि 1972 मध्ये आणखी चारांची भर पडली. या 18 नियमांत पात्राच्या तोंडी 'असं केलं' अशी बोलीतली रूपे लिहायला मुभा आहे, एरवी 'असे केले'. पद्यात वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सूटही कवीला दिलेली आहे.

आता असे समजा की सबंध पुस्तकच एका पात्राच्या तोंडी आहे. 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' काढली, तेव्हा नेमके हेच झाले. पंचविशीतला पांडुरंग सांगवीकर बोलत सुटतो. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' यांची पेरणी करत तो कॉलेज, वसतिगृह, गाव, बाप यांच्याबद्दल सांगत राहतो, मध्येच डायरी लिहितो. एकाच पुस्तकात इतके नियम धुडकावणारे लेखन मराठीत तोवर क्वचितच झाले असेल. पण मनी या धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी आले की कळते, आधीचे सगळे ऐसपैस बोलणे कशासाठी होते. ज्याची जीभ कधी थांबत नव्हती, त्याची वाक्ये तिथे तुटतात. व्यवस्थित निवेदकाकडून हा घाव असा बसला नसता. पुढे या शैलीच्या नकला निघाल्या. त्यांनी 'वगैरे' उचलले, मनीचे दुःख त्यांच्याकडे नव्हते.

त्याच 1963 मध्ये बाबूराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह आला. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो, जात लपवून भाड्याने खोली घेतो आणि जात उघडी पडताच मार खातो. लेखकाने संयम पाळावा, भावना आवरून मांडावी हा सभ्य वाङ्मयाचा संकेत बागूलांनी झुगारला. त्यांची वाक्ये चढतात, भडकतात, किंचाळतात. काही समीक्षकांना ते खटकले. पण असा मार खाणाऱ्याने हलक्या आवाजात बोलावे ही अपेक्षा करायची कोणी? इथे आवाज चढवणे हीच कलेची गरज होती, यात शंका वाटत नाही.

दोन वर्षांनी भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' आला आणि मोठा वाद पेटला. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांची मुंबईतली भाषा, शिव्या आणि वासनेसकट, पोक्या नावाचा त्यांच्यातलाच एक निवेदक बोलतो. आचार्य अत्र्यांनी पुस्तकावर कडाडून हल्ला चढवला, तर दुर्गा भागवत पाध्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. पाध्ये त्या पोरांकडे वरून बघत नाहीत, त्यांना सुधारायलाही जात नाहीत. अभिरुचीला सर्वांत मोठा धक्का बहुधा त्याचाच बसला असावा; शिव्या तर वाचकांनी रस्त्यावर ऐकलेल्याच होत्या.

1969 मध्ये लघुअनियतकालिकांच्या तरुणांनी 'सत्यकथे'ची होळी केली. नवकथेला घर देणारे ते मासिक एव्हाना त्यांच्या लेखी प्रस्थापितांचा गड झाले होते.