टोपली धरा जरा

आधी कानटोपी चढवा. मोजे दोन घाला, एकावर एक. डिसेंबर १८७५ आहे आणि आपण उतरलोय उत्तर जर्मनीत, ब्रेमरहाफेनच्या धक्क्यावर. वेझर नदी इथे समुद्राला मिळते. तिच्यावरून येणारा वारा बरोबर तुमच्या नाकाचा शेंडा शोधून काढतो.

पहिला भेटतो तो वास. दगडी कोळशाचा धूर, डांबर, खारवलेली मासळी, घोड्यांची लीद, ओल्या लोकरीचे कोट. पायाखाली गोठलेला चिखल, जपून चाला. समोर उभी आहे ‘मोझेल’, नॉर्डडॉइचर लॉईड कंपनीची आगबोट. साउदॅम्प्टनला थांबून पुढे न्यूयॉर्क. शेजारी ‘झिमझोन’ नावाची टग धापा टाकतेय.

गर्दी अगदी आपल्या एसटी स्टँडसारखी! जाणारा एक, पोचवायला आलेले आठ. गाद्यांच्या वळकट्या, करकचून बांधलेल्या पेट्या, कडेवरची पोरं. कुणी रडतंय, कुणी रडू येऊ नये म्हणून उगाच मोठ्यानं हसतंय. जर्मन येत नसेल तरी ‘पोचल्यावर पत्र टाक’ एवढं तुम्हाला कळतंच. एक आजी तुमच्या हातात टोपली कोंबते. धरा जरा, असं बहुधा म्हणतेय. तिला नातवाचा मफलर नीट गुंडाळायचाय आणि दोन हात पुरत नाहीयेत. टोपलीत पाव, सफरचंदं, फडक्यात बांधलेलं काहीतरी.

पहिल्या वर्गाचा एक प्रवासी पाहा. अंगानं भरलेला, दाढी राखलेला, उंची कोटातला. नाव सांगतो थॉमस. खरं नाव अलेक्झांडर कीथ, कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये वाढलेला. याचा बेत साधा आणि किळसवाणा आहे: बोटीवर एक पिंप चढवायचं, त्याचा मोठा विमा उतरवायचा, आपण साउदॅम्प्टनला उतरून जायचं. पुढे भर समुद्रात पिंप फुटेल, बोट माणसांसकट तळाशी जाईल, आणि पुरावाही तिच्याबरोबर.

पिंपात स्फोटकं आहेत आणि एक घड्याळ. ते बेर्नबुर्गच्या एका घड्याळजीनं बनवलंय. दहा दिवस चालायचं, टिकटिक अजिबात करायची नाही आणि वेळ झाली की हातोड्यासारखा घाव घालायचा. रेशमाच्या कारखान्यात एका झटक्यात हजार धागे तोडायला हवंय, असं गिऱ्हाईकानं सांगितलं होतं. बिचाऱ्या कारागिराला त्यात कोडं दिसलं असेल, आणि कोडं सोडवायला कुठल्या कारागिराला आवडत नाही? म्हणून धक्क्यावर कान कितीही टवकारलेत तरी काही ऐकू येणार नाही.

अकरा वाजून गेलेत. पाय बधिर झाले म्हणून तुम्ही वाऱ्याच्या आडोशाला, गोदामाच्या भिंतीमागे सरकता. टोपली हातातच. शेवटचा माल येतोय. पिंप हलवताना त्याला हिसका बसतो.

आवाज तुम्ही ऐकत नाही, तो छातीवर येऊन आदळतो. जमीन पायाखालून निघून जाते. मग काचा. जवळच्या, मग लांबच्या, मग गावभरच्या खिडक्यांच्या. वरून वाळू पडते, लाकडाच्या ढलप्या पडतात, आणि ज्याच्याकडे तुम्ही बघू नये असं बरंच काही. कानात नुसती शिट्टी. माणसं तोंडं उघडतायत, आवाज येत नाही.

धक्क्यावर गर्दी होती तिथे आता खड्डा आहे. सुमारे ८० माणसं गेली, त्यात पोचवायला आलेलीही कितीतरी; त्यांना तर प्रवासच करायचा नव्हता. मोझेल मात्र तरंगतेय. तिच्या एका केबिनमध्ये थॉमस स्वतःवर पिस्तूल झाडून घेईल, आणि तेही त्याला धड जमणार नाही. मरायला त्याला काही दिवस लागतील.

तुम्ही उठा. हात-पाय चाचपून बघा. सफरचंदं घरंगळून चिखलात गेलीयेत, ती एकेक करून टोपलीत भरा. आणि ती आजी कुठे दिसतेय का, बघा.