कॅफीन आणि स्नायूंतील जनुके

कॉफीच्या बियांत व चहाच्या पानांत आढळणारे कॅफीन हे नत्रयुक्त अल्कलॉइड आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडलीब रुंगे यांनी १८१९ मध्ये ते कॉफीच्या बियांपासून प्रथम वेगळे केले. तरतरी आणणारा पदार्थ म्हणून ते सर्वपरिचित आहे. स्नायुपेशींतील जनुकांवरही त्याचा परिणाम होऊ शकतो, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

पेशीतील सर्व जनुके एकाच वेळी कार्यरत नसतात. जनुकाच्या आरंभी असलेल्या नियंत्रक भागावर मिथिल गट जोडलेले असले, की ते जनुक सहसा निष्क्रिय राहते. हे गट कमी झाले, की त्याचे कार्य वाढू शकते.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील ज्युलीन झिराथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. बैठी जीवनशैली असलेल्या तरुण स्त्री-पुरुषांच्या मांडीच्या स्नायूंचे नमुने त्यांनी व्यायामापूर्वी व व्यायामानंतर तपासले. ऊर्जानिर्मितीशी संबंधित काही जनुकांवरील मिथिल गट व्यायामानंतर लगेच घटलेले आढळले. व्यायाम जितका जोरकस, तितकी ही घट अधिक होती.

उंदराच्या जातीतील प्राण्याच्या संवर्धित स्नायुपेशींवर कॅफीनचा प्रयोग केला असता अशीच घट दिसली. पेशीतील तंतुकणिकांची निर्मिती वाढविणाऱ्या 'पीजीसी-१ अल्फा' या जनुकाचाही त्यात समावेश होता. यामागील दुवा कॅल्शियमचा आहे. स्नायू आकुंचन पावताना पेशीतील साठ्यातून कॅल्शियम बाहेर पडते. कॅफीनही या साठ्याची द्वारे उघडते. त्यामुळे प्रत्यक्ष हालचाल न होताही पेशीला व्यायामासारखा संदेश मिळतो.

तथापि, यावरून कॉफीचा पेला हा व्यायामाला पर्याय आहे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कॅफीनमुळे असे कॅल्शियम मुक्त होण्यासाठी त्याचे प्रमाण मिलिमोलर पातळीवर असावे लागते. एक-दोन पेले कॉफी प्यायल्यावर रक्तात ते मायक्रोमोलर पातळीवरच, म्हणजे शेकडो पटींनी कमी असते. प्रयोगातील पातळी रक्तात गाठण्याचा प्रयत्न केल्यास तो प्राणघातक ठरेल. या संशोधनाचे महत्त्व वेगळे आहे. व्यायामाचा संदेश जनुकांपर्यंत कसा पोहोचतो, हे कॅफीनच्या साहाय्याने उलगडले. तो संदेश स्नायूंना सुरक्षितपणे देण्यासाठी मात्र शरीर हलविणेच आवश्यक आहे.