उशीच्या अभ्र्यातली धूळ
१९०७ साली अमेरिकेतल्या कँटन गावात जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात झाडलोट करायचा. त्याला दमा होता. जुन्या पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा जोडून त्याने व्हॅक्युम क्लीनर बनवला. १९०८मध्ये पेटंट मिळालं, पुढे ते हूवरने विकत घेतलं. पण कापडातून बारीक धूळ निसटते आणि दम्याला तीच जास्त छळते. आजच्या यंत्रात म्हणून दोन फिल्टर असतात: मोटरआधीचा मोटर वाचवतो, हवा बाहेर पडते तिथला आपली फुप्फुसं. दुसरा मी दोन वर्षं उघडलाच नव्हता. काल काढला, तर काळाकुट्ट. घर झाडून झाल्यावर आई का खोकते, ते तेव्हा कळलं.