आत असलेल्याचं मत



गेल्या निवडणुकीच्या आधीची गोष्ट. गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, आणि मतदार यादीचा विषय निघाला. एक मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या पोराचं नाव काढून टाका. तो येरवड्याला आहे. त्याचं मत गेलंच आता." शेजारची लगेच म्हणाली, "गेलं तर गेलं! ज्यानं माझं डोकं फोडलं, त्याचं आणि माझं मत एकाच मापाचं कसं?" खोटं कुणीच बोलत नव्हतं. मग आम्ही ठरवलं, हा नियम आला कुठून ते वाचायचं आणि रेडिओवर सांगायचं.

सुरुवात आपल्या चिंचवडपासूनच करू. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे चापेकर भाऊ १८९८-९९ मध्ये येरवड्याला फासावर गेले. सरकारी कागदात ते खुनी होते. आज आपण चापेकर चौकात रिक्षाची वाट बघत उभ्या राहतो. चापेकरांच्याच नावाच्या स्मारक समितीशी जोडलेलं पारध्यांच्या मुलांचं गुरुकुल चिंचवडात आहे. ते उभं करणाऱ्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. पारधी म्हणजे ज्यांना इंग्रजांच्या कायद्यानं जन्मापासूनच गुन्हेगार धरलं, त्यांतलीच एक जमात. तो कायदा १८७१ चा. देशभरातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पहिली सार्वत्रिक निवडणूक उरकल्यावर. गुन्हेगार कुणाला म्हणायचं, हे ठरवणारे हात बदलत असतात, एवढं तरी यातून दिसतं.

आता येरवडा. आपल्यातल्या कितीजणी तिथल्या फाटकाबाहेर डबा आणि पिशवी घेऊन भेटीसाठी बसल्यात, ते आपल्यालाच ठाऊक. याच तुरुंगात सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजी उपोषणाला बसले होते. त्यांना खटला न चालवताच आत ठेवलं होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलणी करायला तुरुंगात आले, आणि २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. तो करार कशाबद्दल होता? मतदानाबद्दलच. दलितांचे प्रतिनिधी कुणी निवडायचे, वेगळ्या मतदारसंघातून की सगळ्यांनी मिळून, राखीव जागा किती, हे त्यात ठरलं; १४८ जागा ठरल्या. देशाच्या मतदानाचा एवढा मोठा निर्णय एका कैद्याच्या खाटेशेजारी झाला.

तीन वर्षांनी, १९३५ चा कायदा आला. तेव्हा मत सगळ्यांना नव्हतंच. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी होत्या. बायकांना कधी नवऱ्याच्या मालमत्तेवर, कधी अक्षरओळखीवर मत मिळे. कैद्यांपुरता त्यातला नियम असा होता, की जो शिक्षा भोगतोय त्यानं मत देऊ नये. इंग्लंडमध्ये १८७० पासून असाच कायदा होता, तीच रीत इकडे आली.

स्वराज्य आलं आणि प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळालं. पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात, कलम ६२ च्या पोटकलम ५ मध्ये, बंदी उलट रुंदावली. शिक्षा झालेला असो, खटला चालू असलेला कच्चा कैदी असो की पोलीस कोठडीतला असो, आत आहे तोवर मत नाही. फक्त प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध असलेल्यांना सूट. ते टपालानं मत देऊ शकतात. हा कायदा करणाऱ्यांत कितीतरी जण स्वतः तुरुंग भोगून आलेले होते! आम्हाला हे वाचून नवलच वाटलं.

याची गंमत १९७७ मध्ये दिसली. मुंबईचे कामगारपुढारी जॉर्ज फर्नांडिस बडोदा डायनामाइट खटल्यात तुरुंगात होते. तिथूनच ते बिहारमधल्या मुझफ्फरपूरला उभे राहिले आणि तीन लाखांहून जास्त मतांनी निवडून आले. निवडून येता येत होतं, मत देता येत नव्हतं.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही बंदी योग्य ठरवली. बंदोबस्ताला माणसं पुरणार नाहीत, आपल्या वागण्यानं आत गेलेल्यानं बाहेरच्यासारखा हक्क मागू नये, अशी कारणं दिली. २०१३ मध्ये त्याच न्यायालयानं म्हटलं, मत देता येत नसेल तर उभंही राहता येणार नाही. संसदेनं त्याच वर्षी कायदा बदलला: आत असला तरी मतदार यादीतलं नाव कायम, म्हणून उभं राहता येईल. पुढाऱ्यांची अडचण काही महिन्यांत सुटली. कच्च्या कैद्याचं मत होतं तिथंच राहिलं.

मोठ्यांनाही याचा फटका बसतो, बरं का. जून २०२२ मध्ये अनिल देशमुख आणि नवाब मलिक यांनी राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकीत मत देऊ द्या म्हणून न्यायालयात धाव घेतली. त्यांना परवानगी मिळाली नाही. २०१७ मध्ये छगन भुजबळांनी मात्र तुरुंगातून येऊन राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत दिलं होतं. त्या निवडणुकीचा कायदा वेगळा आहे.

२०२२ अखेर देशात पावणेसहा लाखांच्या आसपास बंदी होते, आणि त्यांतले सुमारे चार लाख चौतीस हजार कच्चे कैदी. ज्यांचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही असे, दर चारांत तीन. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळाला नाही म्हणून आत राहिलेले यांत असतात. बाहेरून आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला चाकणला काम मिळतं, जामीनदार मिळत नाही. पैसेवाला तोच गुन्हा करून जामिनावर सुटतो आणि रांगेत उभा राहून मत देतो.

आमचं मत असं झालं, की कच्च्या कैद्याला टपालानं मत द्यायला हवं. स्थानबद्धाला जमतं तर त्यालाही जमेल. दक्षिण आफ्रिकेत १९९९ पासून कैदी मत देतात. शिक्षा लागलेल्यांबद्दल मात्र आमच्यात एकमत झालं नाही. डोकं फुटलेली मैत्रीण अजून "नाही" म्हणते, आणि तिला गप्प करणारं उत्तर आमच्याकडे नाही.

त्या मावशींना मात्र आम्ही सांगितलं: नाव काढायचा अर्ज भरू नका. पोरगा जामिनावर आला तरी मत देऊ शकतो, शिक्षा भोगून आला तरीही. त्यांनी त्याचं मतदान कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत परत ठेवलं आणि पुढच्या तारखेला वकिलाला किती द्यायचे, ते विचारलं.